कुड्यांची पारख

"काकू, डोळे झाकून घ्या. लाखात एक जोडी आहे," दुकानातला विक्रेता म्हणाला.

"हिऱ्याच्या कुड्या काय डोळे झाकून घ्यायच्या असतात?" काकूंनी भिंग मागितलं आणि दोन्ही कुड्या उजेडात सावकाश फिरवून पाहिल्या. "ही जोडी नव्हेच. या कुडीतला हिरा फार खोल कापलाय, उजेड तळातूनच निसटतो. म्हणून ती मंद दिसते. मग सर्टिफिकेटवर दोन्ही सारख्याच कशा?"

मालक स्वतः उठले आणि त्यांनी तिजोरीतून दुसरी जोडी काढली. काकूंनी तीही तपासली, फिरक्या घट्ट बसतात का पाहिलं, आणि मगच मान डोलावली.

"डबीत भरून देऊ?"

"नको, घालूनच जाते."

दाराशी रखवालदार दिसताच सवयीनं त्यांचे दोन्ही हात झडतीसाठी वर गेले. हिऱ्यांना पैलू पाडायच्या कारखान्यात तीस वर्षं, रोज सुटताना, त्या अशाच उभ्या राहिल्या होत्या.

रखवालदारानं हसून दार उघडून धरलं, आणि कानांत हिरे घालून काकू राजरोस बाहेर पडल्या.