शोभेचं दार

स्कॉटलंडमधल्या त्या जुन्या गल्लीत कुणालाही आपलं दार बदलायचं तर आधी नगरपालिकेची परवानगी लागे. मोरागबाईंनी नवऱ्याच्या दम्यापायी, कुणाला न विचारता, वारा अडवणारं जाड दार बसवून घेतलं. महिन्याभरात नोटीस आली आणि दीडशे वर्षांचं ते फटीफटींचं निळं दार पुन्हा चौकटीत जाऊन बसलं.

आज वारसा विभागाचे लॉरिमरसाहेब खात्री करायला आले. दारावरून हात फिरवत म्हणाले, "वा! आता कसं गल्लीला शोभतंय."

शोभणारच. बाहेरून बघणाऱ्याचं काय जातंय!

साहेब आत येऊन बसले, पण अंगातला ओव्हरकोट काही त्यांनी काढला नाही. समोर बाईंचा नवरा डुगल तीन ब्लँकेटांत खोकत होता.

"बाई, तेवढं दार लावता का? फार वारा येतोय."

"लावलेलंच आहे, साहेब."

साहेबांनी घाईघाईने पिशवीतून नवं कॅलेंडर काढलं. "हे बघा, 'आपल्या गावाची देखणी दारं'. जानेवारीच्या पानावर खास तुमचंच छापलंय! कुठे लावू?"

"द्या इकडे. जागा ठरलेली आहे."

मोरागबाईंनी जानेवारीचं पान टर्रकन फाडलं, त्याची घट्ट सुरळी केली आणि दाराखालच्या फटीत कोंबली.

"यावर जानेवारी निघेल," त्या म्हणाल्या. "फेब्रुवारीत कुणाचं दार आहे?"