बाबांच्या नावाचा भात

आई पायरीवर बसली होती. गुडघा सुजलेला, मांडीवर चिकट भाताची बांबूची टोपली. बाबांना जाऊन आज वर्ष झालं होतं, आणि या घरचा घास भिक्खूंच्या पात्रात पडला नाही तर तिकडे बाबा उपाशी राहतील, यावर तिचा ठाम विश्वास. "मला उठवत नाही. तूच जा घालायला." "आई, रविवारी माझा बाप्तिस्मा आहे. मी कशी घालू?" "वरच्या बापाला रोज हाका मारतेस, आणि स्वतःच्या बापाला घासभर भात नाही! हेच शिकलीस उबोन शहरातल्या कॉलेजात?" गल्लीच्या टोकाला भिक्खूंची भगवी रांग वळली. समोरच्या अंगणात आमच्या चर्चच्या पाळकांच्या पत्नी लामदुअनताई झाडत होत्या. वर्षभर त्यांच्यापाशीच मी बायबल शिकत होते. त्यांनी पाहिलं तर काय म्हणतील? पण आईचे डोळे रांगेवरून हलेनात. कडेवरच्या माझ्या तान्ह्या लेकीला सावरत मी दुसऱ्या हाताने आईला उठवलं. "तूच घाल. मी धरते तुला." अनवाणी, लंगडत आम्ही रस्त्याच्या कडेला पोचलो आणि आईचा तोल जाऊ लागला. पुढचे भिक्खू पात्र उघडून उभे राहिले. समोरचा झाडण्याचा आवाज थांबला. लामदुअनताई सरळ माझ्याकडेच आल्या. आता सगळ्या गल्लीसमोर बोलतील, म्हणून मी मान खाली घातली. "वेडी का काय तू? बाळ दे इकडे," त्या म्हणाल्या, "आणि आईला दोन्ही हातांनी धर."