नववी सही

बुधीमावशीचं घर सुमतीने मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. नेऱ्याच्या पुढे रिक्षावाले यायला कुरकुरतात. वाडीपर्यंत चढून येताना तिला धाप लागली. पिशवीत आठ जणींचे कागद होते.

"बस गो. आधी पानी पी," बुधी म्हणाली.

कळंबोलीच्या हॉटेलातल्या लॉन्ड्रीत दोघींनी अकरा वर्षं चादरींच्या घड्या घातल्या. मग एके सकाळी मालकाने लॉन्ड्रीतल्या दहाही जणींना घरी बसवलं. त्याला चौदा महिने झाले. आता हॉटेल पुन्हा उघडत होतं आणि कायद्याने जुन्यांना आधी बोलवायचं होतं, तेही ज्येष्ठतेने. यादीत बुधी पहिली, सुमती दहावी.

मधल्या काळात बुधी वीटभट्टीवर जात होती. तिचे हात पार फाटले होते. साठीला टेकलेल्या बाईने विटा वाहाव्यात, ही लाज वाटण्यासारखीच गोष्ट. सुमतीला त्या हातांकडे बघवेना.

"किती जनींना घेतील?"

"सगळ्यांना, असं म्हणतायत."

दहा जणींत वाचता येणारी सुमती एकटीच. ड्युटीचा तक्ता असो की पगाराची चिठ्ठी, बाकीच्या तिच्याकडे धाव घ्यायच्या. आताही तिने कागद समोर धरला आणि सावकाश म्हणाली, "मला माझ्या क्रमाने परत कामावर घ्यावं, ही विनंती."

"एवढंच?"

"एवढंच, मावशी."

"तू पन केलीस ना सही?"

"माझं शेवटी."

सुमतीने अंगठ्यासाठी शाईची डबी काढली. बुधीने ती बाजूला सारली.

"अंगठा कशाला? तूच ना सही शिकवलीस मला?"

जीभ दातांत धरून तिने एकेक अक्षर काढलं. सुमतीचे डोळे भरून आले. निघताना बुधीने तिच्या पिशवीत शेवग्याच्या शेंगा कोंबल्या. नको म्हणायची सोय नव्हती.

दुपारी हॉटेलात मॅनेजरने नऊ कागद मोजून घेतले. सगळ्यात वरचा त्याने मोठ्याने वाचला. "'परत कामावर येण्याचा माझा हक्क मी स्वखुशीने सोडत आहे.' वा, हिची तर सही आहे. सुमतीबाई, जागा एकच होती. आता यादीत तुमच्या वर कोणी नाही. सोमवारी या."

"सकाळची पाळी मिळेल ना, साहेब?" सुमतीने विचारलं.