शेवटचा थर

तपासणीच्या पडद्यावर ती बघत होती तो डाग करंगळीच्या नखाएवढा होता. त्याच्या दोन कडा सरळ होत्या. अडकलेली हवा गोल दिसते. तिला सरळ कडा नसतात.

ज्या पॅनेलमध्ये तो होता, ते विमानाच्या पंखाचा भारही पेलणार होतं आणि वीजही साठवणार होतं. असं पॅनेल एकच तयार झालं होतं. आज ते पंखात बसायचं होतं.

कार्बनच्या कापडाचा थर अंथरण्याआधी त्याच्यावरचा निळा प्लास्टिकचा कागद सोलायचा, हा प्रयोगशाळेतला रोजचा पाठ. पाहुणे आले त्या दिवशी मात्र शेवटचा थर खुद्द प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, तिच्या सरांनी अंथरला, कॅमेऱ्याकडे बघत. टाळ्या वाजल्या. टेबल आवरताना तिच्या हाती आलेल्या निळ्या कागदाचा एक कोपरा फाटून नाहीसा झालेला होता. तिने तो कागद चुरगळून टाकला. पॅनेल भट्टीत गेलं.

तपासणीत डाग दिसला, तेव्हा हवा असेल, असं सरच म्हणाले. दाब नीट ठेवला नाही म्हणून भट्टी सांभाळणाऱ्या दादांची गोदामात बदली झाली. तेव्हाही ती बोलली नाही.

सकाळी ते विमान उडवणारा वैमानिक येऊन गेला. पॅनेलवर टिचकी मारून म्हणाला, "मॅडम, शेजारची जागा रिकामीच आहे. येताय?" सगळे हसले. तिला हसू जमलं नाही.

तो गेल्यावर तिने दार लोटलं आणि सरांना सगळं सांगून टाकलं. आत हवा नाही, कागदाचा तो कोपरा आहे; पंख वाकला की तिथे थर सुटणार, थर सुटले की साठवलेल्या विजेने आग लागणार. सर ऐकत राहिले. याच माणसाने तिला बोट धरून या विषयात आणलं होतं.

"फाटलेला कोपरा तू तेव्हाच पाहिलास?"

"हो."

"मग इतके दिवस मूग गिळून बसलीसच ना?" सरांचा आवाज मऊ होता. "आणखी एक दिवस बैस."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. तेच जास्त लागलं.

पॅनेलमधली वीज तिने आल्याआल्याच उतरवून ठेवली होती. तिने ते उचलून करवतीच्या टेबलावर ठेवलं, चिमटे आवळले, पाण्याचा नळ सोडला.

"सगळ्यांना बोलवा, सर," ती म्हणाली. "त्यांच्यासमोर कापणार आहे मी."