निलंग्याचं अकरावं मत

उज्वला निलंग्याच्या वाचनालयात शिरली आणि श्रीमंतनं फोन कट केला.

"कुणाचा होता?"

"घरचा," तो म्हणाला आणि वर्तमानपत्रं लावायला लागला.

घरचा फोन माणूस असा घाईनं कापत नाही. उज्वलाच्या मनात ते राहिलं.

ग्रंथपाल संघाची निवडणूक चार दिवसांवर आली होती. नांदेड आणि लातूर मिळून सत्त्याऐंशी मतं. नांदेडचे सुदर्शनराव तीन वेळा अध्यक्ष झाले, आणि तिन्ही वेळा खेड्यातल्या ग्रंथपालांची वेतनश्रेणी भाषणातच राहिली. यंदा त्यांच्यासमोर निलंग्याचे ग्रंथपाल विरूपाक्ष सर उभे होते. सरांना उभं केलं उज्वलानं. ती शेजारच्या खेड्यातली ग्रंथपाल. अर्जावर सूचक म्हणून तिचीच सही. श्रीमंत हा सरांचा सहायक, आणि त्यालाही मत होतं.

सर प्रचाराला अगदीच कच्चे. देवणीला गेले, किनवटला गेले. पुस्तकांवर तासभर बोलले, आणि मत मागायची वेळ आली की उज्वलाकडे बघायचे.

"तुम्हीच सांगा ताई. मला अवघड होतंय."

लोकांना तेच आवडायचं.

निलंगा तालुक्याची अकराही मतं तिनं पक्की धरली होती. पण त्या फोनच्या दुसऱ्याच दिवशी लातूरच्या बसस्टँडवर तिला श्रीमंत दिसला. सोबत सत्यम, सुदर्शनरावांचा उजवा हात. दोघं चहा पीत होते. उज्वलाला बघताच श्रीमंतनं मान खाली घातली.

"सर, श्रीमंत फुटलाय," संध्याकाळी तिनं सांगितलं.

"तसा न्हाई तो."

"डोळ्यांनी बघितलंय मी."

सर चष्मा पुसत राहिले.

रविवारी सगळे जीपनं नांदेडला निघाले. श्रीमंत मागच्या बाकावर कोपऱ्यात. त्याच्याशी कुणी बोलत नव्हतं. शेवटी उज्वलानंच विचारलं, "मत कुणाला देणार?"

"सरांना. लेकरांची आण."

"मग सत्यमसंग काय चाललं होतं?"

श्रीमंत म्हणाला, "त्याच्या भावाला माझी बहीण दिलीय. महिना झाला, माघारी पाठवलीय तिला. त्यो म्हणतो, सुदर्शनरावांना मत दे, मग नेतो. पाया पडत होतो त्याच्या. पण मताचं न्हाई म्हणलो."

बहिणीचा संसार एका शिक्क्यावर अडलेला, आणि हा माणूस नाही म्हणाला? उज्वलाला ते पटेना. उलट आता त्याच्या फुटण्याचं कारणही सापडलं होतं.

दुपारी मतदान झालं. मोजणी तालुकावार होती. निलंग्याची पेटी उघडली: विरूपाक्ष सर दहा, सुदर्शनराव एक.

उज्वलानं श्रीमंतकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं.

शेवटची पेटी मोजून झाली तेव्हा सुदर्शनराव चव्वेचाळीस होते आणि सर त्रेचाळीस. हॉलमध्ये गुलाल उडाला. सत्यम नाचत होता.

बाहेर जीपजवळ श्रीमंत आला तेव्हा उज्वलानं दार धरून ठेवलं.

"तू एस.टी.नं ये."

"ताई, म्या सरांनाच दिलं हो."

"बहिणीला नेतील आता. जा."

श्रीमंत सरांकडे वळला. हात जोडले. "सर, तुम्ही तरी सांगा ह्यास्नी. बारा वर्सं तुमच्या हाताखाली हाय मी."

सर खाली मान घालून चपलेकडे बघत उभे राहिले. मग जीपमध्ये चढून बसले.

श्रीमंत डोळे पुसत स्टँडच्या वाटेला लागला.

लोहा गाव मागं पडलं. उज्वलाच्या डोक्यात तो एकच आकडा फिरत होता. एक मत. वेतनश्रेणी गेली, पुढची पाच वर्षं गेली. अशा माणसाला वाचनालयात ठेवायचंच कशाला? सरांना तसं सांगायचं, असं तिनं ठरवलं.

तेवढ्यात सरच पुढं वाकले.

"गाडी वळवा," ते ड्रायव्हरला म्हणाले. "श्रीमंतला घेऊ."

"त्याला? कशाला सर?" उज्वला उसळली.

सरांनी चष्मा काढला.

"आपण निवडून येतोयच, असं वाटलं होतं ताई. स्वतःलाच मत कसं देऊ, म्हणून मी सुदर्शनरावांच्या नावावर शिक्का मारला."