कांडीवरचा डोळा

पुण्याच्या दवाखान्यातून बायको गेल्याचा फोन आला, तेव्हा मी शिरूरला उसाचं बेणं तोडत होतो. दोन वर्षं तिची ताकद आटत गेली. कारण कळलं नव्हतं. महिन्याभराने त्याच दवाखान्याच्या प्रयोगशाळेतल्या मॅडमनी बोलावलं. बायकोच्या आजारपणात घेतलेल्या कातडीच्या तुकड्यातल्या पेशी त्यांनी बशीत जिवंत ठेवल्या होत्या. “पेशीला ताकद देणाऱ्या कणांत वेगळा डीएनए असतो, काका. त्याची नक्कल कुठून सुरू होते, ते आम्ही शोधतोय.” मी विचारलं, “उसाच्या कांडीला डोळा असतो, तिथनंच कोंब फुटतो. तसंच का?” “अगदी तसंच.” “घावला का डोळा?” “सापडला. काकूंचा तोच बिघडला होता.” मॅडमनी वही उघडली. “हा डीएनए फक्त आईकडून येतो. मुलं आहेत?” “एकच लेक. दौंडला दिलीय.” “तिचं रक्त तपासायला हवं, तिला दिवस जाण्याआधी.” लेकीला पाचवा महिना आहे. मी तिला अजून सांगितलेलं नाही.