रोजची चार पानं

पान चारशे बारावरच अडकलं होतं. आज तिसरी संध्याकाळ.

भक्तीनं ऊसतोड टोळीच्या मुकादमाच्या मोबाइलजवळ जाऊन ई-रीडरला नेट लागू दिलं आणि पुस्तक पुन्हा उघडलं. एरवी पडद्यावर प्रश्न यायचा, ‘दुसऱ्या यंत्रावर पुढे वाचले आहे. त्या पानावर जायचे?’ आज प्रश्न आलाच नाही.

“काय म्हनती तुझी पाटी?” उसाच्या पाचटानं शाकारलेल्या कोपीच्या तोंडाशी कोयत्याला धार लावत तिच्या बापानं, राधाकिशननं विचारलं.

“नेट न्हाई, अण्णा.”

“काल बी न्हवतं.”

भक्तीनं यंत्र ओढणीत गुंडाळलं आणि भाकरी थापणाऱ्या आईजवळ जाऊन बसली.

यंत्र हेमाबाईंचं. सातवीपर्यंत त्यांनीच तिला शिकवलं आणि नोकरी संपल्यावर त्या सेलूला एकट्या राहू लागल्या. दिवाळीनंतर भक्तीचे आईबाप ऊसतोडीला निघाले, तेव्हा बाईंनी आपला जुना ई-रीडर पोरीच्या हाती दिला. नवा त्यांच्याकडे होता. दोन्हीत एकच जाडजूड चित्रकथा, उंटांच्या तांड्याबरोबर निघालेल्या एका मुलीच्या छोट्या छोट्या गोष्टींची.

“सकाळी चार पानं मी वाचणार, संध्याकाळी पुढची चार तू,” बाई म्हणाल्या होत्या. “मला फोनवर ऐकू येत नाही. पान पुढं सरकलं की समजायचं, बाई आहेत.”

त्यांनी आणखी एक शब्द दिला होता. जूनपासून भक्ती त्यांच्या घरी राहून आठवीला जाईल.

राधाकिशननं तेव्हा मान हलवली होती. पण तोडीवर मुकादमानं आपल्या भाच्यासाठी भक्तीचा विषय काढला आणि त्याचं मन डळमळलं. शेवटी त्यानं आपल्यापुरता निवाडा केला. “पानं हालत्यात तवर बाईचा शब्द हाय. थांबली, की मुकादमाला हो म्हनतो.”

बाईंच्या फोनवर नुसती घंटी वाजत राहिली.

चौथ्या संध्याकाळी भक्तीनं डोळे मिटूनच पुस्तक उघडलं. पडद्यावर प्रश्न होता. पान चारशे सोळा.

“अण्णा, बाईनं वाचलं!”

“बघू.” त्याला अक्षरं येत नव्हती, आकडे येत होते. त्यानं आकड्यावर बोट ठेवलं. “हाय की बाई. उगं घोर लावला.”

तिथून पानं रोज हलू लागली. आणि भक्तीची भीती वाढू लागली.

बाई अवघड शब्दाखाली रेघ मारायच्या, बाजूला अर्थ लिहायच्या. ‘भक्तू, बुजगावणं बघितलंस का?’ असलं काहीतरी विचारायच्या. आता रेघ नाही, अक्षर नाही. बाई गोष्ट कधी अर्धी सोडत नसत. एखाद्या दिवशी पाच पानं होत, एखाद्या दिवशी सात. आता बरोबर चार. वाळूच्या वादळात मुलगी उंटावरून पडते, त्या चित्रावर पान थांबलं. एकदा तर दोन गोष्टींमधल्या कोऱ्या पानावर थांबलं. कोऱ्या पानात बाईंनी काय वाचलं?

भक्तीनं लिहिलं, ‘बाई, रागावलात का?’ उत्तर नाही. मग लिहिलं, ‘बाई, मला भ्या वाटायलंय.’ ‘भ्या’ मुद्दाम लिहिलं. बाईंनी ते खोडून ‘भीती’ केल्याशिवाय दम धरला नसता.

दुसऱ्या दिवशी पान चारनं पुढं सरकलं. ‘भ्या’ तसंच राहिलं.

“काय लिवलंय बाईनं?” राधाकिशन विचारायचा.

“लिवलंय, गणिताचा सराव कर. जूनला लवकर या.”

ती रोज नवं काहीतरी रचून वाचायची. खोटं बोलताना तिची नजर पडद्यावरून हलत नसे. बाईंच्या यंत्रामागं दुसरंच कुणी बसलंय, ही शंका तिनं आईलाही सांगितली नाही. सांगितली असती, तर मुकादमाच्या घरी त्याच दिवशी सुपारी फुटली असती.

एप्रिलात कारखान्याचा पट्टा पडला, तोड संपली. गावी जाण्याआधी राधाकिशन तिला घेऊन सेलूला उतरला. सकाळचे नऊ वाजले होते. भक्तीच्या यंत्रावर पान अकराशे अठ्ठावीस.

दार पार्वतीबाईंनी उघडलं. बाईंच्या घरची धुणीभांडी कितीतरी वर्षं त्याच करत.

“बाई हायती का?” राधाकिशननं विचारलं.

पार्वतीबाईंनी आधी भक्तीकडे बघितलं. “हीच का ती? बसा, पानी घ्या. बाई पुन्याला भाच्याकडं गेल्यात. घर माझ्याकडंच हाय.”

“त्यांना भेटल्याबिगर पोरगी कशी ठिवू?”

पार्वतीबाईंनी फडताळातून नवा ई-रीडर काढून त्याच्यासमोर धरला. “सकाळचीच पानं हायती. जाताना म्हनल्या, पोरगी आली की ठिवून घे. मागची खोली झाडून ठिवलीय.”

राधाकिशननं आकडा बघितला. अकराशे बत्तीस. इतके महिने ज्या आकड्यावर विसंबला, तोच त्याच्यासमोर होता. “मंग हरकत न्हाई. नीट ऱ्हा गं,” म्हणत त्यानं पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि स्टँडकडे निघाला.

तो गल्लीच्या वळणाआड जाईपर्यंत पार्वतीबाई दारात उभ्या होत्या. मग त्यांनी कडी लावली.

“मावशी, बाई पुन्याहून कवा येणार?”

भक्तीचा हात धरून त्यांनी मागच्या खोलीचं दार ढकललं. भिंतीवर हेमाबाईंचा फोटो होता. त्याला मोगऱ्याचा ताजा हार होता.

“बाई गेल्या तवा तीन दिवस घर पाव्हण्यांनी भरलेलं, मला ह्याला हात लावता आला न्हाई,” पार्वतीबाईंनी ई-रीडर तिच्या हातात दिला. “त्येच्या पुढं रोज चार येळा बोट लावलं, बाईनं दवाखान्यात शिकवलं तसं. आता तू वाच, पोरी. एवढं पुढं नेलंय मी, पन ह्याच्यात लिवलंय काय, ते मला ठावं न्हाई.”